आजीची पत्रे निर्लेखित करू नका

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, संचालक मंडळ,
तसेच संग्रह निवड समितीचे सर्व सदस्य

विषय: युद्धकाळातील कौटुंबिक पत्रव्यवहार निर्लेखित करण्याचा निर्णय

सप्रेम नमस्कार.

आपल्या संग्रहालयात नवे युद्धदालन होत आहे. त्यासाठी झालेल्या छाननीत आमच्या कुटुंबाने दान दिलेल्या पत्रांची वाटणी करण्यात आली. माझ्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीतून घरी पाठवलेली पत्रे ‘संग्रहणीय’ ठरली. त्याच काळात आजीने त्यांना पाठवलेल्या पत्रांवर ‘घरगुती स्वरूप, ऐतिहासिक मूल्य नाही’ असा शेरा पडला आणि ती निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या, यादीत गेली. दिलेल्या मुदतीत घेऊन जा, नाहीतर नियमानुसार विल्हेवाट लावू, असे चार ओळींचे पत्र आम्हाला आले.

पत्रे घरी आणणे आम्हाला अवघड नाही. पण तेवढ्यावर गप्प बसले, तर पुढच्या कुटुंबाच्या बाबतीतही हेच होईल. यादी पाहताना कळले की आमच्यासारख्या आणखी काही घरांची पत्रे याच शेऱ्याखाली आहेत. म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे. संग्रहालयाचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. आपल्याला ते समजेलच. बाकीच्या वाचकांपुढे मला प्रश्न मांडायचा आहे, संस्थेची बदनामी करायची नाही.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या सेंटरमधून भरती, मग मध्यपूर्व आणि १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत इटली. घर सातारा जिल्ह्यात. आघाडीवरचा जवान घरून आलेली पत्रे सहसा सांभाळू शकत नाही. पाठीवरच्या सामानात जागा नसते, पाऊस असतो, चिखल असतो, एका रात्रीत मुक्काम हलतो. घरी आलेले पत्र मात्र ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या फळीवर, आढ्याला खोचलेले असे कुठेतरी टिकते. त्यामुळे युद्धातल्या पत्रव्यवहाराची एकच बाजू बहुतेक ठिकाणी हाती लागते, ती म्हणजे सैनिकाची. बायकोने काय लिहिले होते ते त्याच्या उत्तरांवरून ताडावे लागते. आमच्या आजोबांनी आजीची पत्रे मेणकापडात गुंडाळून परत आणली. दोन्ही बाजू शाबूत असलेला असा पत्रव्यवहार फार कमी घरांत सापडतो. तो आम्ही विश्वासाने आपल्याकडे दिला, आणि आपण त्याची एक बाजू रद्दीत काढत आहात.

समितीने ही पत्रे वाचली आहेत का, असा प्रश्न मला पडतो. वाचली असतील तर ती क्रमाने, एकमेकांसमोर ठेवून वाचली का? कारण तशी वाचल्याशिवाय त्यांत काय आहे ते कळतच नाही.

सुरुवातीची आजोबांची पत्रे आजीला नाहीतच. ती पणजोबांना आहेत: तीर्थरूप आप्पांचे चरणी साष्टांग नमस्कार, मग पीकपाण्याची चौकशी, मनीऑर्डर मिळाली का, बैलाचे काय झाले. घरात वडीलधारे असताना मुलाने थेट बायकोला पत्र घालायचे नाही, अशी तेव्हाची रीत. आजीसाठी शेवटी एखादी ओळ, तीही धाकट्याच्या निमित्ताने. उत्तरे लिहायचे शाळेचे मास्तर, मोडीत, झोकदार वळणात. आजी सांगायची, मास्तर लिहायचे, शेजारी पणजोबा बसलेले असायचे. ते पत्र मग टपाल तपासणाऱ्या सेन्सॉरच्या हाताखालून जायचे. एका नवराबायकोच्या पत्रात किती माणसे बसलेली असत ते बघा. अशा पत्रात बाई काय बोलणार? कुशल, आशीर्वाद, गाय व्याली.

मग १९४४ च्या पावसाळ्यात एक पत्र येते, ते मोडीत नाही. बाळबोध, म्हणजे देवनागरी, आहे, शिसपेन्सिलीने लिहिलेले. अक्षरे बोराएवढी, ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या, काना-मात्रा अधूनमधून सुटलेल्या. मजकूर जेमतेम पाच ओळींचा. त्यात ती सांगते की हे माझ्या हातचे आहे, मास्तरांच्या मुलीकडून शिकले, आता कुणाला सांगून लिहवून घ्यायला नको. बावीस-तेवीस वर्षांची, दोन लेकरांची आई, दिवसभर शेतात राबून रात्री दिव्यापाशी अक्षरे गिरवत होती. रॉकेल मिळत नव्हते त्या दिवसांत.

यानंतरचे आजोबांचे पत्र आपल्या ‘संग्रहणीय’ गठ्ठ्यात आहे. ते कृपा करून काढून बघा. तोवर मोडी लिहिणारा हा माणूस त्या पत्रापासून बाळबोध लिहू लागतो. अक्षर मोठे करतो, दोन शब्दांत ठसठशीत अंतर सोडतो. आणि पहिल्यांदाच पत्राच्या माथ्यावर आजीचे नाव घालतो. आपल्या यादीत या पत्रापुढे शेरा आहे: ‘लिपीत बदल, कारण अज्ञात.’ कारण अज्ञात नाही. ते निर्लेखनाच्या खोक्यात आहे.

दुसरे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. ऑगस्ट १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात काय पेटले होते ते मी आपल्याला सांगायला नको. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रज सत्तेला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले. भूमिगत कार्यकर्ते रात्री गावात यायचे आणि त्यांच्यासाठी भाकरी थापायच्या त्या बायका. त्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष त्याच वेळी सरकारी पलटणीत, समुद्रापलीकडे होता. आजी १९४४ च्या अखेरीस विचारते, रात्रीचे पाहुणे हल्ली फार येतात, जोंधळा कमी आहे, काय करू? ‘रात्रीचे’ हा शब्द नंतर वर घुसवलेला आहे. आजोबा उत्तर देतात, पाहुण्याला उपाशी लावू नये, कमी पडले तर मनीऑर्डरीतून घ्यावे.

आपल्या निवड समितीने आजोबांचे हे वाक्य दालनाच्या फलकासाठी निवडले आहे. सैनिकाच्या घरचे ‘आतिथ्य’ दाखवायला. आजीचे पत्र शेजारी ठेवले, की त्या वाक्याचा अर्थ पार बदलतो. बादशहाच्या फौजेत लढणारा एक हवालदार आपल्या पगारातून भूमिगतांना जेवू घालायला सांगतो आहे, असे ते दिसू लागते. माझा अर्थ चुकीचा असू शकतो, अभ्यासकांनी तो खोडून काढावा. पण त्यासाठी आधी दोन्ही पत्रे जागेवर हवीत. एक टाकून दिले, की प्रश्नच संपला.

आता माझे आक्षेप मांडते.

पहिला आक्षेप निवडीच्या कसोटीवर आहे. ‘लढाईचा उल्लेख’ ही आपली मुख्य कसोटी. पण सैनिकाने लढाईबद्दल लिहायचेच नाही, असा सेन्सॉरचा दंडक होता. गाव, नदी, पलटणीची हालचाल, जखमींची संख्या, काहीच लिहायची मुभा नव्हती. पत्त्यावर ‘सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्सेस’ एवढेच. इटलीतल्या सांग्रो नदीच्या थंडीत नोव्हेंबर १९४३ मध्ये आजोबा होते, हे आम्हाला पत्रांवरून कळले नाही, पलटणीच्या इतिहासावरून कळले. तेव्हा जे लिहायला बंदी होती तेच शोधायचे आणि नाही सापडले की पत्र बाद करायचे, हा न्याय कसला?

उलट युद्ध घराघरांत कसे शिरले ते बायकांच्या पत्रांत उघड दिसते, कारण त्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटत नसे. आजीच्या पत्रांत लुगड्याच्या कापडाची टंचाई आहे. मनीऑर्डर आली की त्यातले सावकाराला किती, बियाण्याला किती, याचा हिशेब आहे. मुंबईत गिरणीत असलेल्या दिराने मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाल्यावर लिहिलेल्या चिठ्ठीचा मजकूर आहे. शेजारच्या घरी तार आली तेव्हा गावात चूल पेटली नाही, हे आहे. कुठल्या घरी, ते तिने लिहिलेले नाही. त्या घरचा गेलेला जवान तिच्या नवऱ्याचा मित्र होता. हे सारे घरगुती आहेच. युद्ध घरापर्यंत पोचते तेव्हा ते घरगुतीच दिसते.

दुसरा आक्षेप. आपल्या दालनाच्या दाराशी मोठा फलक आहे: पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातून १३ लाखांहून अधिक माणसे गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत, दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांवर गेले. आकडे बरोबर आहेत. टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम गाजवणारे शिपाई नामदेव जाधव, या दोघा व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्यांना आपण मानाचे स्थान दिले, ते योग्यच केले. पण अख्ख्या दालनात बाई एकच आहे. प्लायवूडची, डोक्यावर पदर घेऊन दारात उभी, खाली नाव नाही, नुसते ‘वीरपत्नी’. खऱ्या बाईच्या हातचे लिखाण खोक्यात भरून बाहेर काढायचे आणि तिच्या जागी प्लायवूडची बाई उभी करायची, याचे मला मनापासून दुःख होते.

तिसरा आक्षेप हाताळणीबद्दल. दान देताना पत्रे सुटी, तारखेनुसार लावलेली होती. आता ती पंच करून टॅगने फायलीत ओवली आहेत. भोके डाव्या वरच्या कोपऱ्यात पडली आहेत आणि आजोबा तारीख तिथेच घालत. काही तारखा कायमच्या गेल्या. हे किरकोळ नव्हे, कारण युद्धकाळात टपाल आठवडे-महिने रखडायचे, मागचे पुढे यायचे. धाकट्याला ताप आल्याचे पत्र आजोबांना मिळाले, ते तो बरा झाल्याचे पत्र मिळाल्यानंतर. त्या पंधरवड्यातले त्यांचे उत्तर गोंधळलेले आहे. तारखा आणि टपालाचे शिक्के असतील तरच तो गोंधळ उलगडतो. दोन पत्रांच्या घड्यांवर सेलोटेप चिकटवला आहे. तो पिवळा पडून कागदात मुरतो आणि काढताना अक्षरे घेऊन निघतो. प्रदर्शनातले पत्र सरळ स्पॉटलाइटखाली आहे. कागदावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर उजेड नको, हा जगभरच्या संग्रहालयांचा साधा नियम आहे, आणि इथे पेन्सिलीबरोबर शाईचीही पत्रे आहेत. एकदा फिकी पडलेली शाई परत येत नाही.

चौथा आक्षेप मोडीचा. मास्तरांनी लिहिलेली सगळी पत्रे आपल्या नोंदवहीत ‘अवाच्य’ अशी दाखल आहेत. ती अवाच्य नाहीत, मोडी आहेत. या राज्यात मोडीचे प्रशिक्षण घेतलेली माणसे आहेत, तरुणही आहेत. कुणालाही न विचारता ‘अवाच्य’ लिहून तीच निर्लेखनाची सबब करणे मला मान्य नाही.

आणि एक गोष्ट मी आक्षेप म्हणून लिहीत नाही, आठवण म्हणून लिहिते. सप्टेंबर १९१४ अखेर हिंदी फौजा मार्सेलला उतरल्या, तेव्हा त्यांच्या टपालासाठी फ्रान्समध्ये बूलोनला सेन्सॉरची कचेरी बसली. जवानांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे उघडली जात आणि सरकारला उपयोगी वाटतील ते उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडले जात. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. म्हणजे त्या पिढीच्या नवराबायकोंमधले जे बोलणे आपल्यापर्यंत आले, ते परक्या अधिकाऱ्याने आपल्या सोयीने निवडलेले, तेही त्याच्या भाषेत. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तर २९ एप्रिल १९१६ ला कुत पडले, सहाव्या पुणे डिव्हिजनचे जवान, त्यांत मराठा पलटणींची माणसेही, तुर्कांच्या कैदेत गेली आणि कितीतरी घरी पुढे काहीच आले नाही. इतके सगळे गमावल्यावर जे थोडे मूळ स्वरूपात हाती आहे, त्यातून पुन्हा कुणी उतारे निवडून बाकीचे टाकावे, हे आपल्याच संस्थेकडून व्हावे?

आपल्या बाजूच्या अडचणी मला दिसतात. जागा अपुरी आहे, कर्मचारी दोन आहेत, निधी वेळेवर येत नाही. पावसाळ्यात भांडारात ओल येते, हे मी स्वतः पाहिले आहे. तिथले कर्मचारी माझ्याशी नेहमी चांगले वागले. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण दोघांची मिळून सगळी पत्रे एका बुटाच्या खोक्यात मावतात. जागेचे कारण या बाबतीत टिकत नाही.

उलट बाजूनेही एक म्हणते. सगळी पत्रे सगळ्यांना दाखवा असा माझा आग्रह नाही. आजीने एका पत्रात जावेबद्दल लिहिले आहे, एका पत्रात पडलेल्या गर्भाबद्दल. तिने ते एका माणसासाठी लिहिले होते आणि म्हणूनच मास्तरांच्या हातून लिहवले नव्हते. अशी पत्रे जपावीत, सूचीत त्यांची नोंद असावी, पण कुटुंबाच्या संमतीशिवाय ती काचेत लावू नयेत. जपणे वेगळे, मांडणे वेगळे. आपण मात्र जे मांडता येत नाही ते जपायचेच नाही, असे ठरवलेले दिसते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

निर्लेखनाची यादी ताबडतोब स्थगित करावी, आणि केवळ आमच्या नव्हे तर सर्व कुटुंबांच्या पत्रांबाबत तसे लेखी कळवावे. पती-पत्नीचा पत्रव्यवहार हा एकच संग्रह मानून एकाच दाखल क्रमांकाखाली, मूळ क्रमाने ठेवावा. टॅग काढावेत, सेलोटेप जाणकार संवर्धकाकडूनच काढून घ्यावा, पत्रे आम्लरहित पाकिटांत ठेवावीत, आणि प्रदर्शनात मूळ पत्राऐवजी चांगली प्रत लावावी. प्लास्टिकचे लॅमिनेशन कोणत्याही परिस्थितीत करू नये.

मोडी पत्रे मोडी जाणकाराकडून वाचून घ्यावीत. आमच्या पत्रांच्या लिप्यंतराचा खर्च आमचे कुटुंब देईल. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांची मदत घ्यावी. विद्यार्थी आनंदाने येतील अशी माझी खात्री आहे. सर्व पत्रांचे स्कॅनिंग व्हावे आणि दान देणाऱ्या घराला त्याची प्रत हक्काने, विनाशुल्क मिळावी. आज आम्हाला आमच्याच आजीच्या पत्राची झेरॉक्स मागायला अर्ज करावा लागतो आणि त्याला उत्तरही येत नाही.

दालनात बायकांची नावे लावावीत. ज्यांची नावे ठाऊक आहेत त्यांची तरी.

निवड समितीत स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यास असलेली किमान एक व्यक्ती असावी, आणि दान देणाऱ्या कुटुंबांचा एक प्रतिनिधी.

शेवटची मागणी पुढच्या काळासाठी आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत तातडीची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बायका आता राहिल्या नाहीत. पण १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेलेल्या जवानांच्या बायका आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या कपाटांत फौजी पोस्टाची पत्रे आहेत. नवरा कुठे आहे हे पत्त्यावरून कळत नसताना त्यांनी काय लिहिले, काय लपवले, हे त्या स्वतः सांगू शकतात. संग्रहालयाने गावोगावच्या माजी सैनिक संघटनांमार्फत त्यांच्यापर्यंत जावे, पत्रे मागावीत, निदान स्कॅन करून परत करावीत, आणि त्या बोलतील ते ध्वनिमुद्रित करावे. या कामासाठी मी वेळ द्यायला तयार आहे.

संचालक मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मला दहा मिनिटे बोलू द्यावे. मी दोन्ही बाजूंची पत्रे क्रमाने लावून दाखवीन. ती ऐकून घेतल्यावरही समितीचा निर्णय तोच राहिला, तर तो कारणांसह लेखी द्यावा, म्हणजे पुढे कुठे दाद मागायची ते आम्हाला ठरवता येईल.

ज्या कुटुंबांनी या किंवा अन्य संग्रहालयाला अशी पत्रे दिली आहेत, त्यांनी दानाची पोच शोधून ठेवावी आणि आपली पत्रे आज कोणत्या नोंदीत आहेत ते लेखी विचारावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दान देणाऱ्या कुटुंबातील एक नात